गिअरची पेटी आणि हाताची विद्या



या सदरात आपण नेहमी घरखर्च, मुलांची शाळा, कर्ज आणि सरकारी कागदपत्रे यांविषयी बोलतो. आज आम्ही एका जुन्या फटफटीच्या गिअरबॉक्सविषयी लिहिणार आहोत. काही वाचक म्हणतील, हे काय नवीन काढले? फटफटीची दुरुस्ती हे गॅरेजवाल्याचे काम. कुटुंबाच्या पानाशी त्याचा काय संबंध?

संबंध आहे. ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ या पट्ट्यात गल्लोगल्ली गॅरेजे आहेत. त्यांत हात काळे करणारी कितीतरी पोरे आपल्यासारख्याच घरांतली आहेत. पोरगा सकाळी नऊला जातो, रात्री नऊला ऑइलचा वास घेऊन घरी येतो. तो दिवसभर नेमके काय करतो, हे घरच्यांना ठाऊक नसते. विचारले तर तोही "गाड्या बनवतो" एवढेच सांगतो. म्हणून आज त्याचे एक काम आतून पाहू. ते काम साधे नाही, हे घरोघरी कळले पाहिजे.

'बॉबी' नावाची फटफटी

१९७३ साली राज कपूर यांचा 'बॉबी' हा चित्रपट आला. त्यात ऋषी कपूर आणि डिंपल कपाडिया ज्या ठेंगण्या फटफटीवर दिसतात, ती राजदूत जी.टी.एस. १७५. लोकांनी कंपनीने दिलेले नाव बाजूला ठेवले आणि तिला सरळ 'बॉबी' म्हणू लागले. आजही जुना मिस्त्री तिला याच नावाने ओळखतो. लहान चाके, आखूड बांधा, दिसायला जणू मोठ्या फटफटीचे पिल्लू.

अशा पिल्लू फटफट्या जगात आधीपासून होत्या. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटने उतरणाऱ्या ब्रिटिश सैनिकांसाठी घडी करून डब्यात ठेवता येणारी 'वेलबाइक' तयार झाली. तिला गिअरच नव्हते. जपानमध्ये होंडा कंपनीने १९६१ साली तामा टेक या करमणूक बागेतील मुलांसाठी एक चिमुकली फटफटी केली. त्यातूनच पुढे तिची प्रसिद्ध 'मंकी' गाडी निघाली.

बॉबीची गोष्ट वेगळी. दिसायला ती लहान, पण तिच्या पोटात साध्या राजदूतचेच इंजिन आणि तीन गिअरची पेटी. राजदूत बनवणारी एस्कॉर्ट्स कंपनी उत्तरेतली. गाडीचा मूळ आराखडा पोलंडमधील कील्त्से गावच्या एस.एच.एल. कारखान्याच्या एम-११ या फटफटीचा. म्हणजे पोलंडची विद्या आपल्याकडे आली आणि दूधवाल्यांच्या कॅनखाली पिढीभर राबली. ही माहिती केवळ गंमत म्हणून सांगत नाही. बॉबीचा पत्रा, टाकी, सीट आज मिळणे कठीण आहे. पण पेटीचे आतले भाग साध्या राजदूतशी जुळतात, म्हणून तिचा गिअरबॉक्स पुन्हा उभा करता येतो. ज्याला हे ठाऊक नाही तो "पार्ट मिळत नाहीत" म्हणून गाडी भंगारात घालतो.

पेटीत असते काय?

चढावर सायकल मारताना जीव जातो. सपाटीवर तीच सायकल पळते. इंजिनाचेही तसेच आहे. जागेवरून उठताना किंवा चढावर त्याला जोर हवा असतो आणि सपाटीवर वेग. एकाच इंजिनाकडून दोन्ही कामे करून घेण्यासाठी गिअरची पेटी असते.

समजा १२ दातांचे लहान चाक ३६ दातांच्या मोठ्या चाकाला फिरवते आहे. लहान चाक तीनदा फिरेल तेव्हा मोठे एकदा फिरेल. वेग तिसऱ्या हिश्शावर आला, पण जोर जवळजवळ तिप्पट झाला. हा झाला पहिला गिअर. दातांचे प्रमाण बदलत जाते तसा दुसरा आणि तिसरा. शाळेतल्या गणितातले व्यस्त प्रमाण ते हेच. गणितात नापास म्हणून शाळा सोडलेला पोरगा रोज हे प्रमाण हाताने फिरवत असतो. त्याला कोणी तसे सांगितलेले नसते, इतकेच.

आता एक नीट समजून घेण्यासारखी गोष्ट. गिअर टाकताना दातात दात अडकतो असा पुष्कळांचा समज आहे. बहुतेक फटफट्यांत दात एकमेकांत कायमच अडकलेले असतात. गिअर टाकला की एक चाक शाफ्टवर थोडे सरकते आणि त्याच्या कडेचे जाड खुंट शेजारच्या चाकाच्या खाचेत शिरतात. मिस्त्री या खुंटांना 'डॉग' म्हणतात. चाक सरकवायला दोन बोटांच्या चिमट्यासारखा तुकडा असतो, त्याला 'फोर्क' म्हणतात. खुंटांच्या कडा वर्षानुवर्षे घासून गोल झाल्या की जोर पडताच ते खाचेतून निसटतात. गाडी चढावर असताना 'खट' आवाज होतो आणि गिअर सुटतो. मुरबाडकडच्या कच्च्या वाटेवर मागे माणूस बसलेला असताना असे झाले तर जिवाशी गाठ आहे.

आधी बाहेर पाहा, मग आत

काही गॅरेजांत गिअर नीट पडत नाही म्हटले की लगेच "पेटी खोलावी लागेल" असे सांगतात. गिऱ्हाईक घाबरते आणि हो म्हणते. पण चांगला मिस्त्री आधी बाहेर पाहतो. क्लचची केबल ताणलेली किंवा गंजलेली आहे का? लिव्हरला दोन-तीन मिलिमीटरची ढील आहे का? चेन आणि चेनचे चक्कर झिजले आहे का? क्लच पूर्ण सुटत नसेल तर न्यूट्रल सापडत नाही आणि गिअर कर्र आवाज करत पडतो. हा दोष केबलचा किंवा क्लचप्लेटचा, पेटीचा नव्हे.

मग ऑइल. इंजिन जरा गरम असताना पेटीतले ऑइल एका पांढऱ्या थाळीत काढावे. त्यात राखाडी, पिठासारखा बारीक गाळ असेल तर ती नेहमीची झीज. चमकणारे कण किंवा तुकडे दिसले तर आत काहीतरी फुटले आहे असे समजावे. टू-स्ट्रोक गाडीत पेटीचे ऑइल वेगळे असते आणि इंजिनाचे ऑइल पेट्रोलबरोबर जाते. म्हणून पेटीतले ऑइल कमी होत असेल, बाहेर गळत नसेल आणि मागून पांढरा धूर येत असेल, तर क्लचकडचे क्रँकचे ऑइल सील गेले आहे. इंजिन ते ऑइल आत ओढून जाळते आहे. असे निदान करायला यंत्र लागत नाही, निरीक्षण लागते. डॉक्टर नाडी पाहतो तेव्हा आपण त्याला विद्वान म्हणतो. मिस्त्री थाळीतले ऑइल बोटांवर चोळून पाहतो तेव्हा मात्र आपण म्हणतो, हात धुऊन ये.

कल्याण पूर्वेतले चार रविवार

आमच्या ओळखीचे एक निवृत्त फिटर कल्याण पूर्वेला राहतात. त्यांनी फार वर्षांपूर्वी घेतलेली १९७६ सालची बॉबी चाळीच्या जिन्याखाली प्लॅस्टिक पांघरून उभी होती. दुसरा गिअर सुटत होता म्हणून ती बंद पडली ती पडलीच. भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला होता. त्यांचा पुतण्या दहावी होऊन तीन वर्षे एका गॅरेजात हेल्पर आहे. रोजावर काम, हातात कागद एकही नाही. त्याने हट्ट धरला की पेटी आपण उघडू. काका म्हणाले, "उघडायला काय, कोणीही उघडतो. लावता आली पाहिजे." शेवटी चार रविवार ठरले. आमचा पेशा कारकुनाचा, म्हणून वही धरण्याचे काम आमच्याकडे आले.

या कामात वहीला फार महत्त्व आहे, हे तिथे दिसले. काकांचा नियम असा की निघालेला प्रत्येक भाग अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवायचा, वहीत त्याचा नंबर लिहायचा आणि तो कोणत्या बाजूला तोंड करून होता तेही लिहायचे. पुतण्या मोबाइलवर फोटोही काढत होता. पण फोटोत वॉशरची जाडी दिसत नाही. शाफ्टच्या टोकांना नाण्याएवढे पातळ वॉशर असतात. शाफ्ट मागेपुढे किती हलेल हे ते ठरवतात. एक वॉशर इकडचे तिकडे झाले तर चाक खाचेत पूर्ण शिरत नाही, आणि नवे भाग घालूनही गिअर सुटत राहतो. म्हणून प्रत्येक वॉशर व्हर्निअरने मोजायचे आणि माप लिहायचे. आमच्या बी.कॉम.च्या भाषेत बोलायचे तर जमेची बाजू आणि खर्चाची बाजू शेवटी जुळली पाहिजे.

पेटीचे दोन अर्धे वेगळे करताना पुतण्याने सवयीने स्क्रू-ड्रायव्हर फटीत घातला. काकांनी त्याचा हात धरला.

"काय करतोस रे? गॅरेजात असंच करतात?"

"हो काका. सगळे असंच काढतात."

"म्हणून सगळ्यांच्या गाड्या गळतात. त्या कडेवर एक चर पडली की पॅकिंग कितीही घाल, ऑइल येणारच. सगळे बोल्ट निघाले का ते आधी मोज. मग लाकडी हातोडीने चहूबाजूंनी हलके ठोक."

बोल्ट मोजले. एक आतल्या बाजूला राहिला होता. तो काढल्यावर चार टिचक्यांत पेटी उघडली. जोर लावण्याआधी मोजावे, हा धडा फटफटीपुरता नाही.

आत दुसऱ्या गिअरचे खुंट गोल झालेले होते आणि फोर्कचे एक बोट झिजून निळसर पडले होते. लोखंड घासून फार तापले की असे निळे पडते. एक बेअरिंग हातात फिरवताना खरखर लागत होते. बाकी सगळे ठीक होते. म्हणजे तीन-चार भागांपायी एक गाडी वर्षानुवर्षे मेलेली मानली गेली होती.

पार्ट शोधणे हीसुद्धा विद्या

बेअरिंग मिळणे सर्वांत सोपे, कारण त्याच्या कडेवर जगभर चालणारा नंबर कोरलेला असतो. समजा नंबर ६२०४ आहे. शेवटच्या ०४ ला पाचने गुणा. २० मिलिमीटर हे आतल्या छिद्राचे माप झाले. बाहेरचा व्यास ४७ आणि रुंदी १४. हीच मापे पोलंडमध्ये, हीच जपानमध्ये आणि हीच आपल्या घरच्या पाण्याच्या मोटारीत. ६२०३ चे छिद्र मात्र १७ मिलिमीटर असते, तिथे पाचचा हिशेब चालत नाही. नंबर वाचता येणाऱ्याला बेअरिंगच्या दुकानात कोणी फसवू शकत नाही. "राजदूतचे बेअरिंग द्या" म्हणणाऱ्याला दुकानदार त्याच्या मनाची किंमत सांगतो.

ऑइल सीलवरही तीन मापे लिहिलेली असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. सील नेहमी नवे घालावे. सर्क्लिपही नवी घालावी, कारण एकदा ताणून काढलेल्या जुन्या सर्क्लिपची पकड राहत नाही. या दोन गोष्टींत वाचवलेले पैसे पुढे दसपट जातात.

खरा शोध गिअरच्या चाकाचा. कुर्ल्याला सी.एस.टी. रोडवर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. तिथे जाताना जुने चाक फडक्यात गुंडाळून बरोबर न्यावे. दात मोजावेत, खुंट मोजावेत, मधले छिद्र मोजावे आणि दोन्ही चाके एकमेकांवर ठेवून पाहावीत. राजदूतच्या वेगवेगळ्या काळातील मॉडेलांत फरक आहेत. "सगळे सारखेच असते" असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. चाक एकटे न घेता ज्या चाकावर ते चालत होते ते जोडीदार चाकही घ्यावे. जुन्या आणि नव्या दातांची जोडी जमत नाही. ती आवाज करते आणि दोन्ही लवकर संपतात.

फोर्कचे झिजलेले बोट वेल्डिंगने भरून, घासून मापावर आणता येते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आणि डोंबिवलीच्या एम.आय.डी.सी.त अशी कामे करणारे लेथवाले मिळतात. कारखान्यांत शिकलेले हात कारखाना बंद पडल्यावर अशा लहान गाळ्यांत टिकून राहिले. उल्हासनगरला 'यू.एस.ए.' म्हणून हसणारे हसोत. नमुना पाहून वस्तू घडवणे ही मोठी कला आहे, आणि जुन्या गाड्या अशाच हातांवर जगतात.

बंद करताना घाई नको

सगळे भाग डिझेलने धुवावेत. पेट्रोल वापरू नये. खोलीत पेट्रोलची वाफ साठते आणि शेजारी कोणी काडी पेटवली की भडका उडतो. चाळीतल्या घरात तर मुळीच नको. काढलेले जुने ऑइल गटारात ओतू नये. आपल्याकडचे गटार वालधुनीला किंवा उल्हासला मिळते. आधीच त्या नद्यांचे काय झाले आहे ते आपण रोज वास घेऊन जाणतो. ऑइल डब्यात साठवून जुने ऑइल घेणाऱ्याला द्यावे.

बेअरिंग पेटीच्या घरात बसवताना हातोडीने घालू नये. पेटीचा तो भाग गरम करावा. पाण्याचा थेंब टाकला की चर्र झाले पाहिजे. अॅल्युमिनियम फुगते आणि बेअरिंग जवळजवळ आपोआप आत बसते. ठोकायची वेळ आलीच तर बाहेरच्या कड्यावर ठोकावे. आतल्या कड्यावर ठोकले तर मार गोळ्यांवर जातो आणि नवे बेअरिंग बसवतानाच खराब होते.

पॅकिंगचा कागद मूळच्या जाडीचाच घ्यावा. जाड घेतला तर शाफ्टची ढील वाढते आणि वॉशरचा सगळा हिशेब बिघडतो. पेटी मिटल्यावर बोल्ट एका ओळीने न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत.

शेवटच्या रविवारी पेटी मिटली आणि पुतण्याने ट्रेकडे पाहिले.

"काका, एक वॉशर उरलं."

"उरलं नाही, आत कमी पडलं. वही काढ."

वहीत पाहिले तर ते किकच्या शाफ्टचे, बाहेरच्या झाकणाखालचे निघाले. पेटी पुन्हा उघडावी लागली नाही. वही नसती तर सगळे पुन्हा खोलावे लागले असते, किंवा "एवढ्याने काय होते" म्हणून वॉशर खिशात गेले असते.

मग काकांनी शाफ्ट हाताने फिरवत तिन्ही गिअर टाकून पाहिले. शाफ्ट फिरवल्याशिवाय खुंट आणि खाच समोरासमोर येत नाहीत, म्हणून थांबलेल्या पेटीत गिअर पडला नाही तर लगेच दोष मानू नये. ऑइल घालतानाही डबा वाचावा. राजदूतचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. मोटारीसाठीची काही नवी ऑइले इतकी निसरडी असतात की क्लच घसरू लागतो. म्हणून डब्यावर 'जासो एम.ए.' असे लिहिलेले मोटारसायकलचेच ऑइल घ्यावे. थोडे दिवस गाडी चालवून ते एकदा लवकर बदलावे, म्हणजे नव्या भागांचा पहिला चुरा निघून जातो.

गाडी सुरू झाली. दुसरा गिअर पडला आणि राहिला. तो रस्त्यावर नेऊन पाहायचा तर आधी कागदपत्रे हवीत.

कागदपत्रांचे पाहा

जुनी गाडी म्हणजे नुसती हौस नव्हे, तिचा कायदाही आहे. फटफटीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर आर.टी.ओ.त तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. विमा आणि पी.यू.सी.ही लागतेच.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली 'व्हिंटेज' वाहनांचे नियम केले. गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. चासिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठरवले गेले, मुदत दहा वर्षे आणि नंतरच्या नोंदणीला ५,००० रुपये. आधी नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. तेव्हा १९७४-७५ ची बॉबी हातात असणाऱ्याने आधी हिशेब करावा. रोज कामावर न्यायची असेल तर साधी नोंदणी चालू ठेवावी. कल्याण किंवा ठाण्याच्या आर.टी.ओ.त स्वतः जाऊन त्या दिवसाचे शुल्क विचारावे. दलालाच्या तोंडी भावावर जाऊ नये. आणि मूळ आर.सी. बुक नसलेली बॉबी कितीही देखणी असली तरी विकत घेऊ नये.

पोराचे काय?

आता मुख्य मुद्दा. आमच्या मते ही पेटी लावणे म्हणजे गणित, धातूचे ज्ञान, मोजमाप, निदान आणि शिस्त यांची एकत्र परीक्षा आहे. पण त्या पुतण्यासाठी स्थळ पाहायला गेले आणि "मुलगा काय करतो" याला "गॅरेजात आहे" असे उत्तर दिले की पाहुणे अर्धा चहा तसाच ठेवतात. तोच मुलगा कुठल्यातरी ऑफिसात शिपाई असता तर चालला असता. हाताने काम करणाऱ्याला खालचे मानायचे, ही या देशाच्या समाजव्यवस्थेची फार जुनी खोड. तिचे सर्वांत जास्त चटके आपल्या आज्या-पणज्यांनी सोसले. दोन पिढ्या नोकरीत गेल्यावर आपल्यातले काही पांढरपेशे तीच खोड गिरवू लागले, तर त्याला प्रगती कसे म्हणायचे?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गॅरेजातली विद्या आजवर ज्या रीतीने पोचली, ती रीत आम्हाला मान्य नाही. दहा-बारा वर्षांचे पोर उस्तादाकडे ठेवायचे, त्याने शिव्या आणि पाने खाऊन शिकायचे, शाळा सुटली ती सुटली. पुष्कळ चांगले मिस्त्री असेच तयार झाले हे खरे. पण त्याची किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली. नंबर वाचता न आल्यामुळे, पावती लिहिता न आल्यामुळे, बँकेत बोलता न आल्यामुळे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला गॅरेजात कामाला ठेवणे हा गुन्हा आहे. तो कायदा आपल्याच पोरांसाठी आहे. विद्या पुढे गेली पाहिजे, पण शाळेच्या बदल्यात नव्हे.

तिसरा प्रश्न तरुणच विचारतात. आता बॅटरीच्या स्कूटर आल्या, त्यांत गिअर टाकावाच लागत नाही, मग हे शिकून काय? आमचे म्हणणे असे की गिअर जातील, पण बेअरिंग, शाफ्ट, सील आणि माप जाणार नाहीत. बॅटरीच्या स्कूटरच्या मोटारीतही बेअरिंग आहे. लिफ्टमध्ये आहे, पाण्याच्या पंपात आहे, कल्याणच्या रेल्वे लोको शेडमध्ये उभ्या असलेल्या इंजिनात आहे. ज्याने एक पेटी समजून उघडली आणि समजून मिटली, तो कोणत्याही यंत्रापुढे बावरत नाही.

म्हणून आम्ही सुचवितो:

घरात गॅरेजात काम करणारा मुलगा असेल तर त्याला एक वही घेऊन द्या. रोज केलेले एक काम त्यात लिहायला सांगा. काय बिघडले होते, कसे ओळखले, कोणता नंबर घातला. वर्षभरात ती वही त्याचे स्वतःचे पुस्तक होईल.

दहावी झालेल्या मुलाने आय.टी.आय.चा रस्ता सोडू नये. मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, दुचाकी-तीनचाकीचा एक वर्षाचा. अंबरनाथ, उल्हासनगर, ठाणे इथल्या शासकीय आय.टी.आय.त कोणता चालतो ते प्रवेशाआधी विचारावे. मुलींनाही पाठवावे. वॉशर मोजायला मिशी लागत नाही.

जो आधीच काम शिकला आहे, त्याच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत करण्यात आली. जवळच्या आय.टी.आय.त किंवा कौशल्य केंद्रात तिची चौकशी करावी. आणि स्वतःचे गॅरेज टाकलेल्याने 'उद्यम' नोंदणी करून घ्यावी. ती ऑनलाइन होते आणि तिला शुल्क नाही. ते करून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. कर्ज मागताना हा कागद कामी येतो.

हिशेबाच्या वहीत जुन्या वस्तूवर दरवर्षी घसारा लावतात आणि एक दिवस तिची किंमत शून्य होते. माणसाच्या हातातल्या विद्येला घसारा लावण्याचे खाते मात्र आम्हाला कोणत्याही पुस्तकात सापडलेले नाही. ती वापरली तर वाढते आणि सांगितली नाही तर माणसाबरोबर जाते. कल्याण पूर्वेतल्या त्या काकांसारखे निवृत्त फिटर, टर्नर, मिलराइट प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांच्याकडे रविवारी दोन पोरे पाठवा. बरोबर वही आणि अंड्यांचा ट्रे द्यायला विसरू नका.